निळ्या शाईतलं वावडं

अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, सत्कारमूर्ती मोठ्या सिस्टर, आणि समोर बसलेल्या, भिंतीला टेकलेल्या, दारात उभं राहून एक कान वॉर्डाकडे ठेवलेल्या माझ्या सगळ्या माणसांनो,

सभेला उभं राहिलं की आधी वंदन करायचं असतं, एवढं मला कळतं. पण उभा जन्म दवाखान्यात गेलेल्या माणसाला समोर माणूस दिसला की एकच सुचतं, तब्येत कशी आहे. तेव्हा वंदनाच्या जागी तेच धरून चाला.

अध्यक्षमहाराज, गुडघा काय म्हणतो? जिना चढताना कठड्याला धरलंत, ते मी खालून पाहिलं. तुमचा गुडघा वापरून झिजलाय, दाराच्या बिजागरीसारखा. त्यात त्याचा दोष नाही, तुमचाही नाही. प्रमुख पाहुण्या, म्हणजे आमच्या रक्त तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई, तुमच्या शिंका? तो पुष्पगुच्छ कुणीतरी जरा पलीकडे सरकवा. हं, आता ठीक. ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हरदादा, तुम्ही मागे लपलात तरी दिसता. गळ्याची गोळी सकाळी उपाशीपोटी घेता ना? चहाबरोबर घेऊ नका, किती वेळा सांगायचं? चेहऱ्याची सूज उतरलीय, बरं वाटलं. धाकट्या सिस्टर, हात दाखवा. अजून लालच आहेत. वेगळे हातमोजे मिळाले का? नसतील मिळाले तर मान हलवा नुसती, अध्यक्ष इथेच बसलेत.

आणि मोठ्या सिस्टर, तुमची बोटं कशी आहेत, हे मी विचारत नाही. मघाशी फुलं घेताना दोन्ही तळव्यांनी घेतलीत, ओंजळीत पाणी धरावं तशी. उत्तर मिळालं.

नव्या मंडळींसाठी सांगतो, मी इथला रेकॉर्डकाका. जिन्याखालच्या ज्या खोलीत आता संगणकाचे रिकामे खोके ठेवलेत, तिथे मी एकतीस वर्षं फायली सांभाळल्या. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली. शिक्षण बेताचं. पण फायली लावायच्या तर वाचाव्या लागतात, आणि वाचल्या की समजून घ्याव्याशा वाटतात. डॉक्टरीणबाईंनी मला एक वैद्यकीय शब्दकोश दिला होता, पुठ्ठा गेलेला, 'क्ष'ची पानं गळालेली. त्यावर माझी सगळी विद्या. तेव्हा आज मी आजारपणाबद्दल काही चुकीचं बोललो तर बाई शिंकतील, मी समजून घेईन.

तर, एवढ्या वर्षांत फायली वाचून मला काय कळलं? बाहेरून आलेल्या रोगाच्या फायली पातळ असतात. ताप आला, औषध दिलं, घरी गेला. जाड फायली असतात त्या वेगळ्याच. तिथे चोर कुणी आलेलाच नसतो. पहारेकरीच घरच्या माणसाला चोर समजून बसलेला असतो.

आपलं अंग दोन तऱ्हेने चुकतं, असं मी मनाशी मांडून ठेवलंय. एक म्हणजे काट्याचा नायटा. बाहेरची वस्तू निरुपद्रवी असते, फुलातली धूळ, हातमोज्याचं रबर, एखादं औषध. पण अंग असं काही उसळतं की जणू स्वारी आलीय. बाईंची शिंक ही त्यातली साधी गंमत. धाकट्या सिस्टरांचे हात ही जरा उशिराची गंमत, मोजे आज घातले तर पुरळ परवा. माझी थोरली बहीण तशी आहे. तिला आज काही बोललं तर आज ती हसते, आणि तिसऱ्या दिवशी जेवायच्या ताटावर तोंड फिरवते. घरात सगळ्यांना विचार करावा लागतो, परवा कोण काय बोललं होतं.

दुसरी तऱ्हा म्हणजे कुंपणानेच शेत खायचं. इथे बाहेरचं काही लागतच नाही. रक्तात जे शिपाई जंतूंसाठी तयार होतात, ते आपल्याच अवयवावर परक्याचा शिक्का मारतात. ड्रायव्हरदादांच्या गळ्यातल्या ग्रंथीवर मारला, ती थकली. एखाद्याच्या अंगात शिपाई आणि शत्रू एकमेकांना चिकटून त्यांची गाठोडी होतात आणि ती जाऊन मूत्रपिंडाच्या चाळणीत अडकतात, मोरीत गाळ बसावा तशी. आणि सांध्याच्या आतलं मऊ अस्तर असतं, त्यावर शिक्का पडला की ते सुजतं, फुगतं, आणि मग शेजारचं हाड कुरतडायला लागतं. अध्यक्षमहाराज, म्हणून मघाशी म्हटलं, तुमचा गुडघा झिजला. सिस्टरांची बोटं झिजलेली नाहीत. ती घरच्यांनीच खाल्लीत. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ मिटत नाही. बाटलीचं झाकण उघडायला त्या शेजारणीला हाक मारतात आणि म्हणतात, "अगं ये, तुझी ताकद बघू."

बाई शिंकल्या नाहीत. म्हणजे इथवर बरोबर आहे.

आता तुम्ही म्हणाल, निरोपाच्या सभेत हे काय लावलंय काकांनी. मुद्द्यावर येतो. मघाशी अधीक्षकसाहेबांनी सिस्टरांच्या सेवेचा आढावा वाचला. फार नेटका वाचला. चौतीस वर्षं, तीन वॉर्ड, साथीच्या दिवसांत एकवीस दिवस घरी न जाता केलेली ड्यूटी. आणि शेवटी एक वाक्य होतं, तुमच्या कानांवरून गेलं असेल. "एक किरकोळ ताकीद वगळता संपूर्ण सेवा निष्कलंक." साहेब, तुम्ही इथे येऊन दोन वर्षं झाली, तुम्ही फायलीत होतं ते वाचलंत. तुमची त्यात काहीच चूक नाही. मी मात्र त्या 'वगळता'साठीच आज आलोय.

एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. केसपेपरच्या खिडकीवरचे कारकून आजारी पडले म्हणून मला तीन महिने दिवसा तिथे बसवलं होतं, संध्याकाळी माझी खोली होतीच. खिडकीवर काळी शाई वापरायची, दौत तिथेच असायची. माझ्या रेकॉर्डच्या खोलीत मी निळी वापरायचो. खिशाला माझी दोन पेनं असत, एक काळं, एक निळं. एवढं लक्षात ठेवा.

एके दिवशी दुपारी एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. मशीनची सुई बोटात घुसून बोट पिकलं होतं, कोपरापर्यंत हात तापला होता. मी नाव, वय, तक्रार लिहून घेतली. मग विचारलं, "आधी काही आजार, काही त्रास?"

त्या म्हणाल्या, "मला इंजेक्शनचं वावडं आहे."

आता हा शब्द बघा. आपण काय म्हणतो? याला अभ्यासाचं वावडं आहे. त्याला पाण्याचं वावडं आहे, आठवड्यातून एकदा आंघोळ करतो. नावडतं, नको असतं, टाळतो, ते वावडं. आणि जे अंगाला चालत नाही, जीवावर उठतं, तेही वावडंच. भाषेने दोन्ही एकाच खुंटीला टांगलंय.

मी हसलो. म्हटलं, "अहो बाई, दिवसभर सुई हातात आणि सुईचंच वावडं?"

त्याही हसल्या. मला वाटलं विनोद आवडला. आता वाटतं, दुखऱ्या हाताने रांगेत उभी असलेली बाई खिडकीतल्या माणसाला दुसरं काय करणार? मागून कुणीतरी म्हणालं, "काका, रांग हलवा." मी पूर्वेतिहासाच्या रकान्यात काळ्या शाईने लिहिलं, "सुईला घाबरते." आणि रांग हलवली.

तो कागद वर वॉर्डात गेला. मोठ्या सिस्टर, तेव्हा त्या मोठ्या नव्हत्या, वॉर्डाच्या इनचार्ज होत्या, त्यांनी तो वाचला. डॉक्टरांनी पेनिसिलिन लिहिलं होतं. आधी चाचणीचा थेंब टोचायचा, हा नियम. बाई पलंगावर म्हणाल्या, "नको, मला वावडं आहे हो." सिस्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "घाबरू नका, मुंगी चावल्याइतकं होतं." त्यांनी ऐकलं नाही असं नाही. त्यांनी माझा कागद आधी ऐकला होता.

थेंबच तो. डोळ्यात घालायच्या थेंबापेक्षा लहान. चार मिनिटांत बाईंचे तळवे खाजायला लागले, अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. त्या म्हणाल्या, "काहीतरी वाईट होतंय." मग बोलता येईना. पुढे डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं ते असं. त्या बाईंनी दोन वर्षांपूर्वी कुठेतरी हेच औषध घेतलं होतं आणि तेव्हा अंगाने त्याची ओळख करून ठेवली होती. पहिल्या भेटीत ओळख, दुसऱ्या भेटीत दंगा. अंगातल्या बारीक पेशी एकदम फुटतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब खाली जातो, घसा आतून बंद होतो. औषधाने माणूस मरत नाही तेव्हा, स्वतःच्या बचावाने मरतो.

डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये होते. नियम असा की लेखी हुकमाशिवाय सिस्टरांनी औषध द्यायचं नाही. सिस्टरांनी ट्रेमधलं ॲड्रिनॅलिन उचललं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला दिलं, पलंगाचा पायथा उचलायला लावला, ऑक्सिजन लावला आणि घड्याळ बघत उभ्या राहिल्या. पाच मिनिटांनी दुसरं दिलं. बाई वाचल्या. त्या अजून आहेत. वावडं या शब्दावरचा त्यांचा विश्वास मात्र उडाला. प्रत्येक कपड्याच्या कॉलरमध्ये आतून लाल दोऱ्याने त्यांनी भरून ठेवलंय, "पेनिसिलिन दिल्यास मरेन." यात गैरसमजाला जागा नाही.

आता माझं ऐका.

त्या दिवशी संध्याकाळी कागद नोंदीसाठी माझ्या खोलीत आला. वरचं सगळं तोवर कानावर आलं होतं. मी तो रकाना पाहिला, "सुईला घाबरते." आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो खरोखर चांगला होता. मला वाटलं, या बाई पुन्हा इथे आल्या, कुणी हाच कागद काढला, तर पुन्हा हेच व्हायचं. मी निळं पेन काढलं आणि काळ्या ओळीखाली ठसठशीत लिहिलं, "पेनिसिलिनचं वावडं. देऊ नये." शाई वाळली, फाईल लावली, घरी गेलो. जेवलोसुद्धा.

तारीख घातली नाही.

रेकॉर्डवाल्याने. ज्याने दुसऱ्यांच्या कागदांवर तारीख नाही म्हणून शेकडो कागद परत पाठवले होते, त्याने.

आठवड्याने चौकशी बसली. बाईंच्या भावाने तक्रार केली होती, आणि ती रास्त होती. चौकशी समितीने फाईल मागवली, मीच नेऊन दिली. त्यांनी कागद पाहिला. त्यावर स्पष्ट लिहिलेलं, देऊ नये. आणि तरी सिस्टरांनी टोचलं. झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती कशी देतात हे मी तीन फुटांवरून पाहिलं. सिस्टर एकदाच म्हणाल्या, "मी वाचलं तेव्हा ही ओळ नव्हती." समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "मग काय आकाशातून पडली?" सगळे हसले. दुधाने तोंड पोळलेलं, आता ताकही फुंकून प्यायचं ठरलेलं, म्हणून हुकमाशिवाय ॲड्रिनॅलिन दिलं हेही त्यांच्याच नावावर मांडलं. जिने जीव वाचवला तिच्यावर दवाखान्याने परकेपणाचा शिक्का मारला. ताकीदपत्र निघालं. मेट्रनची जागा त्यांची होती, ती दुसऱ्या कुणाला मिळाली आणि मग त्यांना कधीच मिळाली नाही. नोकरीच्या फायलीही तेव्हा माझ्याच खोलीत असत. ते ताकीदपत्र पंच करून त्यांच्या फायलीला लावलं ते मी.

सिस्टर, बसा म्हणून खूण करू नका. गुडघे माझेही दुखतात, पण आज बसणार नाही.

त्या नंतर एकदा माझ्या खोलीत आल्या होत्या. फाईल मागितली, तो कागद खिडकीच्या उजेडात धरला. म्हणाल्या, "काका, ही निळी शाई कुणाची?"

मी म्हटलं, "खिडकीवर दहा जणांचे हात फिरतात, सिस्टर."

त्यांनी माझ्या खिशाकडे पाहिलं. तिथे दोन पेनं होती. मग म्हणाल्या, "बरं."

ते 'बरं' मला एकवीस वर्षं पुरलंय. नोकरी जाईल, लोक तोंडावर बोलतील, अशी भीती होती, दुसरं काही नव्हतं. कारण मोठं असतं तर सांगायला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खिडकीवर आल्या आणि म्हणाल्या, "काका, उद्यापासून नुसतं काही त्रास आहे का, असं विचारायचं नाही. माणसं निरनिराळं बोलतात. विचारायचं, काही बाधतं का? काही सोसत नाही का? कशाने अंगावर उठतं का? कशाने दम लागतो का? आणि वावडं म्हणाले की पुढे विचारायचं, म्हणजे नेमकं काय होतं." मी ते पुठ्ठ्यावर लिहून खिडकीच्या आत लावलं. पुठ्ठा पिवळा पडला, बदलला, आता संगणकाच्या पडद्यावर तेच प्रश्न येतात. धाकट्या सिस्टर, तुम्ही रोज जे पाच प्रश्न विचारता आणि पेशंट वैतागून म्हणतात, "अहो एकच गोष्ट किती वेळा विचारता," ते प्रश्न या बाईंचे आहेत. वर कुणाचंही नाव नाही. त्यांनी एवढ्या वर्षांत माझं नाव कुठे घेतलं नाही, मग पुठ्ठ्यावर स्वतःचं काय घालणार?

मी त्यांच्या दुखण्याबद्दल खूप वाचलं. शब्दकोशात असं कुठेच नाही की अन्याय झाला की सांधे धरतात. तसं असतं तर निम्म्या जगाला मूठ मिटता आली नसती. तेव्हा तेवढा मोठेपणा मी माझ्या चुकीला देत नाही. त्यांची बोटं त्यांच्या रक्ताने खाल्ली, त्यांचं नाव मी. दोन आजार वेगवेगळे आहेत. पहिल्यावर पूर्ण उपाय नाही. दुसऱ्यावर आहे, म्हणून मी हा लिफाफा आणलाय.

अधीक्षकसाहेब, यात माझं पत्र आहे. हकिकत आता सांगितली तशीच, पण विनोद वगळून. सोबत माझ्या हस्ताक्षराचे त्या साली लिहिलेले तीन कागद आहेत, तुमच्याच रेकॉर्डमधले, परवा रीतसर अर्ज करून नकला घेतल्या. निळ्या ओळीतला 'प' आणि माझा 'प' ताडून पाहा. माझ्या 'प'चं पोट फुटलेलं असतं, शाळेत मास्तरांनी त्यावरून मारलंय मला. सिस्टर पाच वाजता चार्ज देतील आणि त्यांची फाईल बंद होईल. बंद फाईल पुन्हा उघडायला किती सह्या लागतात, ते मी तुम्हाला सांगायला नको. आता साडेतीन वाजलेत. तुम्ही आणि अध्यक्षमहाराज दोघे इथेच आहात, शिक्काही खालीच आहे. ते 'वगळता' आज पाचच्या आत निघालं तर मला त्याहून जास्त काही नको. माझ्यावर जी कारवाई करायची ती सावकाश करा. मी चौऱ्याहत्तरचा आहे, फार सावकाश नको.

अध्यक्षांनी मान हलवली, ती मी होकारार्थी धरतो. मागच्या लोकांनी पाहिलंय.

आता आभार. सिस्टरांचे आभार मानायला मला हक्क नाही, तेव्हा बाकीच्यांचे मानतो. ज्यांनी मला कार्यक्रमपत्रिकेत 'दोन शब्द' म्हणून घातलं आणि आता मनात पश्चात्ताप करत असतील, त्यांचे. शिंक आवरून धरलेल्या डॉक्टरीणबाईंचे. दारात उभं राहून ऐकणाऱ्या वॉर्डाच्या मंडळींचे, तुमचा राउंड चुकला असेल तर तोही माझ्या खात्यावर टाका. बोलण्यात कुणाला काही लागलं असेल, कुणाचा मान राहून गेला असेल, तर पदरात घ्या. एवढी मोठी चूक ऐकून घेतलीत, बारीकसारीक तर तुम्हाला कळणारही नाहीत.

सिस्टर, उद्या तुम्ही बहिणीकडे राहायला जाणार, गाव बदलणार. माझा पत्ता लिफाफ्यावर मागच्या बाजूला आहे. लवकर लिहा. बोटांनी होत नसेल तर भाचीकडून लिहवून घ्या. रागाचं असलं तरी चालेल, नुसतं 'बरं' एवढंच असलं तरी चालेल. फक्त वर तारीख घाला.